सार्जंट डेव्हिसचे भूत : १७५४ च्या एका स्कॉटिश खटल्याचा अभ्यास

स्कॉटलंडच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयात, एडिनबरा शहरी, जून १७५४ मध्ये खुनाचा एक खटला चालला. गुन्हा घडून तोवर पावणेपाच वर्षे होत आली होती. खून होताना पाहिलेला एक साक्षीदार फिर्यादी पक्षाकडे होता. मृताची अंगठी आरोपीच्या बायकोच्या बोटात दिसल्याचा पुरावा होता, खुनानंतर आरोपीची परिस्थिती एकाएकी सुधारल्याचा पुरावा होता, आणि आरोपींच्या वकिलांनाही आपले अशील दोषी असल्याची मनोमन खात्री होती, असे पुढे उघड झाले. तरीही दोन्ही आरोपी निर्दोष सुटले. याचे सर्वत्र सांगितले जाणारे कारण असे की, खून झालेल्या सार्जंटच्या भुताशी आपले काय बोलणे झाले ते एका साक्षीदाराने शपथेवर सांगितले आणि ते बोलणे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक भाषेत झाल्याचेही सांगितले. सार्जंट इंग्रज होता आणि त्याला गेलिक येत नव्हती.

किस्सा म्हणून ही गोष्ट दोन मिनिटांत संपते आणि ऐकणारा हसतो. बहुतेक ठिकाणी ती तशीच सांगितली जाते. कागदपत्रे क्रमाने वाचत गेले की मात्र भुतापेक्षा भुताभोवतालची माणसे अधिक विचार करायला लावतात. म्हणून प्रस्तुत लेखात हे प्रकरण घटनाक्रमाने मांडले आहे आणि भुताने त्यात नेमके कोणते काम केले, हा प्रश्न शेवटपर्यंत समोर ठेवला आहे.

मुलूख

कलोडनच्या माळावर १६ एप्रिल १७४६ रोजी पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठलेल्या जॅकोबाइट फौजेचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर लंडनच्या सरकारने स्कॉटलंडचा उत्तरेकडील डोंगराळ भाग, म्हणजे हायलँड्स, पुन्हा कधी डोके वर काढू शकणार नाही अशा रीतीने आवळण्यास सुरुवात केली. शस्त्रे बाळगण्यावर बंदी आली. त्याच कायद्याने १ ऑगस्ट १७४७ पासून पुरुषांना किल्ट (हायलँडी पुरुषांचा घागरा) आणि चौकड्यांच्या टार्टन कापडाचे कपडे घालण्यासही मनाई झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी, अशी शिक्षा ठरली. हा पोशाखबंदीचा कायदा १७८२ पर्यंत टिकला. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी डोंगरांतल्या वाटांवर, खिंडींच्या तोंडाशी आणि दूरच्या वस्त्यांवर सैनिकांच्या लहानलहान तुकड्या बसवण्यात आल्या.

लोकांनी मोडकी, गंजकी शस्त्रे जमा केली आणि कामाची लपवून ठेवली. बंडात भाग घेतलेले, घरदार गमावलेले, चोऱ्यांवर जगणारे अनेक जण अजून डोंगरांत दडून होते. वरवर निर्मनुष्य दिसणाऱ्या त्या उतारांवर कोणत्या खळग्यातून कोण पाहत असेल याचा नेम नव्हता. ही बाब पुढे खटल्यात फार महत्त्वाची ठरणार आहे, कारण प्रत्यक्षदर्शी साक्षीदार अशाच एका खळग्यातून पुढे आला.

माणूस

सार्जंट आर्थर डेव्हिस हा जनरल गाइज याच्या पायदळ रेजिमेंटमधला. १७४९ च्या उन्हाळ्यात तो आठ शिपाई घेऊन ॲबर्डीनहून निघाला आणि ब्रेमार भागात डी नदीच्या वरच्या खोऱ्यातील डुब्राख या वस्तीवर येऊन राहिला. तेथून सुमारे आठ मैलांवर स्पिटल ऑफ ग्लेनशी येथे एका कॉर्पोरलच्या हाताखाली दुसरी चौकी होती. दोन्ही चौक्यांच्या गस्ती मधल्या डोंगरात ठरल्या ठिकाणी भेटत आणि परत फिरत. डेव्हिसचा मुक्काम मायकेल फार्कर्सन नावाच्या स्थानिक माणसाच्या घरी होता.

परक्या सैन्यातला माणूस असूनही डेव्हिसविषयी लोकांचे मत वाईट नव्हते. तो मनमिळाऊ होता, त्याला मुलांचा लळा होता आणि त्याचे लग्न होऊन थोडाच काळ झाला होता. आम्ही दोघे जितक्या प्रेमाने राहत होतो तितक्या प्रेमाने दुसरे कोणते जोडपे राहत असेल असे वाटत नाही, आणि एक रात्रसुद्धा घराबाहेर काढण्याची त्याला सवय नव्हती, अशा अर्थाची साक्ष त्याच्या पत्नीने, जीन गेंट हिने, न्यायालयात दिली. नवरा स्वतःहून निघून गेला असावा ही शंका त्या एका वाक्याने मिटली. फौजेतून पळून जाणारे सैनिक त्या काळी कमी नव्हते, त्यामुळे ती शंका आधी मिटणे आवश्यक होते.

डेव्हिसचा दोष म्हणावा तर एकच : त्याला आपली ऐपत मिरवायला आवडे. हिरव्या रेशमी बटव्यात त्याने साडेपंधरा गिन्या (सोन्याची इंग्रजी नाणी) साठवल्या होत्या आणि तो बटवा चारचौघांत काढून दाखवण्यात त्याला संकोच नव्हता. त्याच्याकडे चांदीचे घड्याळ होते. बोटांत सोन्याच्या दोन अंगठ्या होत्या आणि त्यांपैकी एकीच्या माथ्यावर ओळखू येईल असा उंचवटा होता. बुटांना आणि गुडघ्यांपाशी चांदीची बकले, पट्ट्यापट्ट्यांच्या रेशमी जाकिटाला चांदीच्या दोन डझन गुंड्या, टोपीला रुपेरी फीत, आणि टोपीच्या कापडात स्वतःच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली. उंदरी रंगाचे केस तो मागे रेशमी फितीने बांधत असे. एखाद्या माणसाच्या अंगावरच्या वस्तूंची इतकी बारकाईची यादी सहसा तो बेपत्ता झाल्यावरच तयार होते. ही यादीही तशीच, पत्नीच्या आणि शेजाऱ्यांच्या आठवणींतून तयार झाली. ज्या मुलखात बंडानंतर लोकांची गुरे गेली, घरे जळली, तिथे हा माणूस असा नटून, बहुतेक वेळा एकटा, बंदूक घेऊन शिकारीला हिंडत असे.

२८ सप्टेंबर १७४९

त्या दिवशी सकाळी लवकर डेव्हिस पत्नीचा निरोप घेऊन चार शिपायांसह ग्लेनशीच्या गस्तीला भेटण्यासाठी निघाला. अंगात निळा लांब कोट होता. वाटेत शिपायांना मागे सोडून तो एकटाच डोंगराकडे वळला, कारण पलीकडे उतरता उतरता एखादे हरीण मिळते का ते त्याला पाहायचे होते.

ग्लेनक्लूनी खोऱ्यात त्याची गाठ जॉन ग्रोअर नावाच्या माणसाशी पडली. ग्रोअरजवळ टार्टनचा कोट होता आणि सार्जंटला पाहताच त्याने तो खाली टाकला. डेव्हिसने ते पाहिले. कायद्याप्रमाणे ग्रोअरला तिथल्या तिथे पकडायला हवे होते. पुन्हा हा कोट वापरू नकोस, असे कडक शब्दांत बजावून डेव्हिसने त्याला जाऊ दिले. कायद्याची जरब आणि त्याच वेळी माणसाला सोडून देण्याचा समजूतदारपणा, अशी ही डेव्हिसची अखेरची नोंदलेली कृती आहे. त्यानंतर तो ना आपल्या शिपायांना भेटला, ना ग्लेनशीच्या गस्तीला.

चार दिवसांनी त्याच्या कप्तानाने माणसे घेऊन डोंगर धुंडाळला, पण हाती काही लागले नाही. मुलखात मात्र बोलवा सुरू झाली होती, आणि तिच्यात दोन नावे होती : डंकन टेरिग ऊर्फ क्लार्क आणि अलेक्झांडर बेन मॅक्डोनाल्ड. त्या दिवशी ते दोघे हत्यारे घेऊन त्याच डोंगरावर होते, हे अनेकांना ठाऊक होते. ही नावे भुताच्या आधी आली, याकडे लक्ष द्यावे. भुताने पुढे जे सांगितले त्यात, हाडांची जागा सोडली तर, मुलखाला माहीत नसलेले काहीच नव्हते.

हाडे आणि भूत

हायलँड्समध्ये उन्हाळ्यात गुरे डोंगरमाथ्याच्या कुरणांवर नेत आणि राखणारे तिथेच गवतमातीच्या झोपड्यांत राहत. या झोपडीला शीलिंग म्हणतात. अलेक्झांडर मॅकफर्सन हा इझोबेल मॅकहार्डी या बाईच्या चाकरीत होता आणि १७५० च्या मे महिन्याच्या अखेरीस तिच्या शीलिंगवर झोपत होता. त्याने न्यायालयात सांगितले ते असे :

एका रात्री तो अंथरुणावर असताना निळ्या कपड्यांतला एक माणूस समोर आला आणि ‘मी सार्जंट डेव्हिस’ असे म्हणाला. पहिल्याने मॅकफर्सनला तो जिवंत माणूसच वाटला. डोनाल्ड फार्कर्सनचा, म्हणजे डेव्हिसच्या घरमालकाच्या मुलाचा, भाऊ आला असावा असे त्याला वाटले. तो उठून त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला. तिथे त्या आकृतीने आपली हाडे कुठे पडली आहेत ते सांगितले, ती पुरायला सांगितले, आणि या कामी डोनाल्ड फार्कर्सन मदत करील असेही सांगितले. तुला कोणी मारले, याचे उत्तर त्या रात्री मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी मॅकफर्सन त्या जागी गेला आणि त्याला हाडे सापडली. ती पुरण्याऐवजी तो माणसांशी बोलायला गेला. आधी त्याने हे ग्रोअरला सांगितले, त्याच टार्टन कोटवाल्याला, ज्याला मरणाच्या काही तास आधी सार्जंटने सोडून दिले होते. तू तोंड बंद ठेवले नाहीस तर मीच ही गोष्ट डॅलडाउनीच्या शॉ याच्या कानावर घालीन, असा दम ग्रोअरने भरला. तेव्हा मॅकफर्सन आपणहून शॉकडे गेला. शॉने सल्ला दिला की हाडे गुपचूप पुरून टाक, उगाच हा मुलूख बंडखोर म्हणून बदनाम व्हायला नको.

तरीही मॅकफर्सनने काही केले नाही. मग भूत पुन्हा आले. त्याने पुरण्याची आज्ञा पुन्हा केली आणि या खेपेस क्लार्क व मॅक्डोनाल्ड ही नावे घेतली. आता मॅकफर्सन डोनाल्ड फार्कर्सनकडे गेला आणि सार्जंटचे भूत आपल्याला फार छळते आहे असे त्याने सांगितले. फार्कर्सनला ते खरे वाटेना. पण हाडे दाखवतो, चल, असे म्हटल्यावर तो निघाला. त्याचे कारण त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे : गोष्ट कदाचित खरी असेल, आणि खरी असली तर हे भूत आपल्याही मागे लागेल की काय, असे त्याला वाटले. भुतावर विश्वास आहे की नाही या प्रश्नाचे यापेक्षा मोकळे उत्तर मी तरी वाचलेले नाही.

गस्तीच्या वाटेपासून अर्ध्या मैलावर, पीटच्या दलदलीत, जिथली काळी माती कापून वाळवली की सरपण होते, तिथे हाडे पडली होती. उंदरी रंगाचे केस होते. निळ्या कापडाच्या चिंध्या होत्या. पायताणे होती, पण त्यांवरची चांदीची बकले गेलेली होती. दोघांनी मिळून ते सारे तिथेच पुरले.

या रात्रींचा आणखी एक साक्षीदार आहे. इझोबेल मॅकहार्डी त्याच शीलिंगच्या दुसऱ्या टोकाला झोपत असे. जून १७५० मधल्या एका रात्री उघड्या अंगाचे काहीतरी वाकून दारातून आत येताना तिने पाहिले आणि भीतीने पांघरूण डोक्यावर ओढून घेतले. काल रात्री आपल्याला त्रास देणारे ते काय होते, असे सकाळी तिने मॅकफर्सनला विचारले. त्याने उत्तर दिले की तुम्ही निश्चिंत असा, ते आता पुन्हा त्रास देणार नाही. शीलिंगचे दार ठेंगणे असल्यामुळे कोणालाही वाकूनच आत यावे लागत असणार. भूत म्हणून जे आले ते दाराच्या मापाने आले, एवढे या साक्षीवरून म्हणता येते.

गप्प बसण्याची रीत

या टप्प्यावर थांबून, मृत सार्जंटविषयी कोणी कोणाला काय सल्ला दिला ते पाहावे. ग्रोअरने मॅकफर्सनला गप्प बसायला सांगितले. शॉने गुपचूप पुरायला सांगितले. अँगस कॅमेरन, जो पुढे प्रत्यक्षदर्शी म्हणून उभा राहिला, त्याने नऊ महिन्यांनी डोनाल्ड नावाच्या एका कॅमेरनपाशी आपण काय पाहिले ते सांगितले, तेव्हा त्यानेही गप्प बसायला सांगितले, आणि हे त्या डोनाल्डने न्यायालयात मान्य केले. मॅकफर्सन पुढे काही काळ क्लार्ककडेच चाकरीला राहिला, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे, क्लार्कने त्याला तोंड बंद ठेवण्यासाठी पैशाचे आमिष दाखवले. या सगळ्या माणसांत ‘बोल’ असे म्हणणारा एकच आहे, आणि तो मेलेला आहे.

कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याने १८३१ मध्ये बॅनटाइन क्लब या इतिहासप्रेमींच्या मंडळासाठी या खटल्याची कागदपत्रे छापली. स्कॉट स्वतः वकील होता आणि हायलँड्सच्या चालीरीती जाणून होता. त्याचे मत असे की मॅकफर्सनला खरी गोष्ट साध्या मार्गानेच, म्हणजे माणसांकडून, कळली होती, आणि ती बाहेर काढण्यासाठी त्याने भूत रचले. जेत्यांच्या सैनिकाच्या खुनात आपल्यातल्याच माणसाविरुद्ध तोंड उघडणारा तिथे फितूर ठरला असता. भुताने आज्ञा केली तर गोष्ट निराळी होती, कारण त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे मृताची आज्ञा मोडता येत नसे आणि ती पाळणाऱ्याला कोणी दोष देत नसे.

स्कॉटचे हे स्पष्टीकरण मला बहुतांशी पटते, मात्र ‘रचले’ या शब्दाविषयी सावधगिरी हवी असे वाटते. ज्याला हाडे कुठे आहेत ते कळले आहे, ज्याने ती पाहिली आहेत, ज्याला दोन मोठ्या माणसांनी गप्प बसवले आहे आणि जो रोज रात्री त्या दलदलीजवळच झोपतो, अशा माणसाला रात्री कोणी दिसलेच नसेल असे ठामपणे कोणी सांगावे? पहिल्या रात्री मारेकऱ्यांची नावे न सांगणारे आणि दुसऱ्या रात्री सांगणारे भूत हे जसे सोयीचे आहे, तसेच ते मनात चाललेल्या ओढाताणीशीही जुळते. शिवाय पहिल्या भेटीतली मागणी न्यायाची नव्हती, फक्त हाडे पुरण्याची होती. मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी असे या भुताने कुठे म्हटल्याचे दिसत नाही. डोंगरावर त्याचे काम १७५० च्या जूनमध्येच पुरे झाले होते.

खटला

क्लार्क आणि मॅक्डोनाल्ड यांना सप्टेंबर १७५३ मध्ये पकडण्यात आले आणि एडिनबराच्या टोलबूथ तुरुंगात ठेवण्यात आले. किल्ट घातल्याचा आरोपही त्यांच्यावर होता. जून १७५४ मध्ये खुनाचा खटला उभा राहिला. सरकारतर्फे स्वतः लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे स्कॉटलंडमधील सरकारचे मुख्य वकील, प्रेस्टनग्रेंजचे विल्यम ग्रँट उभे होते. बचावाला अलेक्झांडर लॉकहार्ट आणि रॉबर्ट मॅकिंटॉश होते. ज्युरीत, स्कॉटिश रीतीप्रमाणे, १५ जण होते आणि ते एडिनबराचे व्यापारी-कारागीर होते.

पुराव्याचा गाभा अँगस कॅमेरनच्या साक्षीत होता. २८ सप्टेंबर १७४९ रोजी तो आणि आणखी एक कॅमेरन, जो खटल्याच्या वेळी हयात नव्हता, गॅलखार्न नावाच्या टेकडीवर एका लहान खळग्यात दिवसभर दडून बसले होते. पश्चिम हायलँड्समधल्या लॉखाबरहून येणाऱ्या काही सोबत्यांची ते वाट पाहत होते आणि त्यांतल्या एका, वर आलेल्याहून वेगळ्या, डोनाल्ड कॅमेरनला पुढे फाशी झाली होती. सूर्य मावळतीला आला असताना त्यांनी रुपेरी फितीची टोपी घातलेल्या एका माणसाला क्लार्क आणि मॅक्डोनाल्ड यांनी मारताना आणि त्याच्यावर गोळ्या झाडताना पाहिले, आणि ते पळाले. साक्ष स्पष्ट होती, पण साक्षीदार स्वतः कायद्यापासून लपणारा होता. ‘तू तिथे काय करत होतास?’ या प्रश्नाचे प्रतिष्ठित उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

स्कॉटिश कायद्यात एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवता येत नसे, त्याला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा लागे. दुसरा कॅमेरन मेला होता. म्हणून परिस्थितिजन्य पुराव्याला महत्त्व आले : क्लार्कच्या बायकोच्या बोटातली उंचवट्याची अंगठी, क्लार्कने खुनानंतर घेतलेली शेतजमीन, आणि त्या दिवशी दोघेही हत्यारांसह त्या डोंगरावर असणे. काही साक्षीदार पळून गेले आणि हजरच झाले नाहीत. असे असूनही ही साखळी चांगली जुळत होती.

मग मॅकफर्सन उभा राहिला. त्याला इंग्रजी येत नव्हती. तो गेलिकमध्ये बोलत होता, दुभाषा ते इंग्रजीत सांगत होता आणि न्यायालयाचे कारकून ते लिहून घेत होते. भूत गेलिकमध्ये बोलले, ही नोंद अशी दोन भाषांतून गाळून कागदावर आली आहे. पुढचा प्रसंग स्कॉटने मॅकिंटॉशच्या तोंडून ऐकून नोंदवला आहे. उलटतपासणीत मॅकिंटॉशने विचारले की भूत कोणत्या भाषेत बोलले. मॅकफर्सन म्हणाला, मी लॉखाबरात ऐकली तितकी चांगली गेलिक. त्यावर मॅकिंटॉश उद्गारला की एका इंग्रज सार्जंटच्या भुताच्या मानाने हे बरेच झाले म्हणायचे!

या एका वाक्याने खटला बुडाला, असे स्कॉटचे मत आहे. ज्युरीने दोघांना निर्दोष ठरवले. खटला चालू असतानाच बचावाच्या वकिलांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला आरोपींच्या अपराधाविषयी शंका उरली नव्हती, हेही मॅकिंटॉशनेच स्कॉटला सांगितले.

ज्युरीने असे का केले

शहराची हवा ध्यानात घेतली पाहिजे. जादूटोण्याच्या आरोपावरून खटले भरण्याची तरतूद संसदेने १७३५ च्या कायद्याने रद्द केली होती. न्यायालयालगतच्या वकीलमंडळाच्या ग्रंथालयात १७५२ पासून ग्रंथपाल म्हणून तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम बसत होता, आणि चमत्काराच्या साक्षीवर केव्हा व किती विश्वास ठेवावा याविषयीचा त्याचा निबंध १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ह्यूमला या खटल्यात ओढण्याचे कारण नाही. पण ज्या शहरात असे विचार लिहिले आणि वाचले जात होते, त्या शहरातल्या दुकानदारांना डोंगरातून आलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या गुराख्याचे भूत गंभीरपणे घेणे अवघड जाणार हे उघड होते. मॅकिंटॉशचा टोमणा भुताइतकाच त्या गुराख्यालाही लागला.

तरीही केवळ टोमण्याने खून माफ होतो, हे मला अपुरे वाटते. याच प्रेस्टनग्रेंजने, म्हणजे विल्यम ग्रँटने, दोन वर्षांपूर्वी चालवलेला दुसरा खटला यासोबत ठेवून पाहावा. १४ मे १७५२ रोजी पश्चिम हायलँड्समधील ॲपिन भागात कॉलिन कॅम्पबेल या सरकारी अधिकाऱ्याला अज्ञाताने गोळी घातली. जेम्स स्टुअर्टवर खुनाला साथ दिल्याचा आरोप ठेवून इन्व्हरेरी येथे खटला झाला. ज्युरीतले १५ पैकी ११ जण कॅम्पबेल होते आणि न्यायपीठावर सरकारनिष्ठ कॅम्पबेल कुळाचा प्रमुख, आर्गाइलचा ड्यूक, बसला होता. स्टुअर्टने गोळी झाडली असे कोणी म्हणत नव्हते आणि पुरावा फार तोकडा होता, तरी ८ नोव्हेंबर १७५२ रोजी त्याला फाशी देण्यात आले. म्हणजे तोच सरकारी वकील कमजोर पुराव्यावर एका ज्युरीकडून फाशी मिळवतो, आणि भक्कम पुराव्यावर दुसऱ्या ज्युरीकडून त्याला काहीच मिळत नाही. पुराव्याच्या वजनापेक्षा ज्युरीत कोण बसले होते, याचा या फरकाशी जास्त संबंध दिसतो.

एडिनबरातही जॅकोबाइट पक्षाविषयी सहानुभूती असणारे पुष्कळ होते, आणि ॲपिनची फाशी ताजी होती. हायलँड्सच्या आणखी दोघांना सरकारच्या सैनिकासाठी फासावर चढवण्याची इच्छा नसलेल्या ज्युरीला सबब हवी असली, तर भुताने ती आयती दिली. माझ्या मते निकालाचा उलगडा इथे आहे. मॅकफर्सनने फितुरीचा दोष टाळण्यासाठी ज्या भुताचा आडोसा घेतला, त्याच भुताच्या आड ज्युरीही उभी राहिली. फार्कर्सनप्रमाणेच त्या १५ जणांनाही भुतावर विश्वास आहे की नाही हे ठरवण्याची गरज पडली नाही.

भूत वगळता आले असते का

मेलेल्या माणसाने सांगितलेल्या गोष्टी साक्षीत येऊच कशा दिल्या, ऐकीव म्हणून त्या आधीच बाजूला का काढल्या नाहीत, असा आक्षेप या खटल्यावर लिहिणाऱ्यांनी प्रेस्टनग्रेंजवर घेतला आहे. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. इझोबेल मॅकहार्डीची साक्ष घेऊन तर भुताला आणखी एक साक्षीदार मिळवून देण्यात आला, आणि तो निर्णय मला उघड चुकीचा वाटतो. तिच्या साक्षीने खुनाविषयी काहीच सिद्ध होत नव्हते.

पण मॅकफर्सनचे तसे नव्हते. खून सिद्ध करायचा तर मरण सिद्ध करावे लागते. कप्तानाच्या शोधात प्रेत सापडले नव्हते. ते सापडले मॅकफर्सनला, आणि फार्कर्सनने त्याच्यासोबत जाऊन केस, निळे कापड आणि बकले काढलेली पायताणे ओळखली. ही ओळख नसती तर अंगठी, शेतजमीन आणि खळग्यातला साक्षीदार यांना एकत्र बांधणारे काही उरले नसते. सरकारी वकिलाने मॅकफर्सनला फक्त ‘तुला हाडे कुठे सापडली?’ एवढेच विचारले असते, तरी ‘त्या दलदलीत नेमक्या त्याच जागी तू कशाला गेलास?’ हा बचावाचा पहिला प्रश्न असता. फार्कर्सनला विचारले असते की मॅकफर्सन तुझ्याकडे काय सांगत आला. ग्रोअरलाही तेच विचारता आले असते. त्या खोऱ्यात भुताची गोष्ट चार वर्षे सर्वांना ठाऊक होती आणि बचावाच्या वकिलांच्या कानावर ती नक्कीच आली असती. मॅकफर्सन पिंजऱ्यात उभा राहिला की त्याच्यासोबत भूतही उभे राहणार होते, आणि मॅकफर्सनला घरी ठेवले असते तर दाखवायला सार्जंटची हाडेच नव्हती.